नाव कमी करण्याबाबत

रमण गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अनुराधाने त्याचं नाव सात ठिकाणांहून काढलं. वीज, फोन, गाडी, न्यू लिन या उपनगरातल्या लायब्ररीचं कार्ड, दातांच्या डॉक्टरकडची फाइल, व्हिडिओच्या दुकानातली मेंबरशिप आणि स्वानंदीच्या शाळेतला इमर्जन्सी नंबर. प्रत्येक ठिकाणी ती एकच वाक्य बोलायची. माझे मिस्टर मे महिन्यात गेले, त्यांचं नाव काढायचंय. समोरची व्यक्ती सॉरी म्हणायची, थोडं थांबायची आणि मग कस्टमर नंबर विचारायची. अनुराधाला नंबर पाठ असायचा.

तिला रडू येत नव्हतं. तिची मैत्रीण नीता दर दोन-तीन दिवसांनी येऊन जायची आणि एकदा तरी रडून घे म्हणायची. अनुराधा हो म्हणायची आणि कुकर लावायला उठायची.

रमण जोगळेकर त्रेचाळीस वर्षांचा होता. पेनरोजला एका कोल्ड स्टोरेजमध्ये मेंटेनन्स इंजिनियर. मंगळवारी, अकरा मे दोन हजार चारला, सकाळी साडेदहाच्या सुमारास तो तिथल्याच अंगणात चालता चालता खाली बसला आणि उठला नाही. अँब्युलन्स लवकर आली होती, असं सगळे सांगत होते.

तेव्हा त्याचे वडील त्यांच्याकडे आलेले होते. नीलकंठराव बहात्तर वर्षांचे, पत्नी आधीच गेलेली. मिरजेहून फेब्रुवारीच्या शेवटी सहा महिन्यांसाठी आले होते, परदेशात पहिल्यांदाच. मुलगा गेल्यावरही ते थांबले, कारण परतीचं तिकीट ऑगस्टचं होतं आणि ते बदलायचा विषय कुणी काढला नाही. सकाळी ते नऊ वर्षांच्या स्वानंदीला शाळेत पोचवायचे, दुपारी आणायचे. ते मराठीत विचारायचे, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, दोघांचं ठीक चाललं होतं. सून आणि सासरे यांच्यात मात्र जेवायला बसू या, दिवा बंद केला का, एवढंच बोलणं व्हायचं.

जुलैमध्ये कौन्सिलकडून घरपट्टीची नोटीस आली, दोघांच्या नावाने. अनुराधाने फोन केला. तिथली बाई म्हणाली की ही नावं आम्ही बदलत नाही, आम्हाला ती लँड ऑफिसकडून येतात. घराच्या टायटलवरचं, म्हणजे मालकीच्या उताऱ्यावरचं नाव तिथे बदललं की इथे आपोआप बदलेल. अनुराधाने लँड ऑफिसला फोन केला. त्यांनी पोस्टाने फॉर्म पाठवला. वकिलाकडून करून घेता येईल, पण साधं आहे, तुमचं तुम्हीही करू शकता, असं फोनवरच्या माणसाने सांगितलं. अनुराधा पुण्यात आणि इथेही सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होती. फॉर्म भरायचं तिला काही वाटत नव्हतं.

रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म भरत बसली. स्वानंदी मैत्रिणीकडे गेली होती. जुलै म्हणजे इथला हिवाळा, म्हणून तिचे टॉग्ज, पोहायचे कपडे, हीटरसमोर वाळत घातलेले होते आणि खोलीत स्विमिंग पूलचा वास पसरला होता. नीलकंठराव चहाचा कप ठेवायला आले आणि उभे राहिले.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

घरावरचं रमणचं नाव काढायचं आहे, असं तिने सांगितलं.

त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि फॉर्म स्वतःकडे वळवून घेतला. नीलकंठराव एकतीस वर्षं सिटी सर्व्हे ऑफिसात होते, शेवटची चौदा मिरजेला. कुणी घर विकलं, वाटणी झाली, कुणी मेलं, की त्या घराच्या मिळकत पत्रिकेवर नोंद करायची, हे त्यांचं काम. मेलेल्या माणसाचं नाव ते कधी खोडत नसत. नावाभोवती कंस करायचा, नाव वाचता आलं पाहिजे, आणि खाली वारसांची नावं घालायची. अर्जाच्या विषयाच्या ओळीत लोक लिहून आणायचे, मयताचे नाव कमी करण्याबाबत.

"वारस कोण कोण लावायचे?" त्यांनी विचारलं.

"वारस नाही लावायचे बाबा. घर दोघांच्या नावावर आहे. एक गेलं की राहिलेल्याचं होतं. फॉर्म आणि डेथ सर्टिफिकेट द्यायचं, बास."

"मुलीचं नाव?"

"नाही लागत."

"नोटीस लावतात का? हरकती मागवायला?"

"नाही."

त्यांनी फॉर्म उलटून मागची बाजू पाहिली. मग म्हणाले की आपल्याकडे पंधरा दिवस थांबावं लागतं. कुणाची हरकत असेल तर ती ऐकून घ्यावी लागते. आपल्याकडे मुलगा गेला तर आई वारसात येते, पहिल्या वर्गात. बायको, मुलं आणि आई. बाप येत नाही. हे सगळं त्यांनी अर्जदाराला समजावून सांगावं तसं सांगितलं. आवाजात काही नव्हतं. अनुराधाने ऐकून घेतलं. दोन महिन्यांत ते एवढं सलग पहिल्यांदाच बोलले होते, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

त्यांनी तिने भरलेलं सगळं एकदा तपासलं. एका ठिकाणी तारखेत महिना आधी पडला होता, तो त्यांनी दाखवला. तिने दुरुस्त केला.

गुरुवारी अर्धा दिवस रजा काढून ती न्यू लिनहून ट्रेनने शहरात गेली. लँड ऑफिसच्या काउंटरवर एक पन्नाशीची बाई होती, केसांत पेन खोचलेलं. किआ ओरा, ती इथल्या पद्धतीने नमस्कार करत म्हणाली. अनुराधाने कागद पुढे केले. बाईने कॉम्प्युटरवर घराचं टायटल उघडलं, मग डेथ सर्टिफिकेट पाहिलं, मग परत स्क्रीन. तिने स्क्रीन थोडी अनुराधाकडे वळवली.

टायटलवर मालकांची दोन नावं होती. एक अनुराधा रमण जोगळेकर. दुसरं नुसतं रमण नीलकंठ. पुढे आडनाव नव्हतं.

डेथ सर्टिफिकेटवर रमण नीलकंठ जोगळेकर होतं.

अनुराधाला आठवलं. घर घेताना, नव्व्याण्णव साली, रमणने करारावर नाव लिहिताना वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकलं होतं. जोगळेकर लिहायचं राहून गेलं. टायटल आल्यावर तिनेच ते दाखवलं होतं. तो म्हणाला होता की बदलू नंतर, तोवर बाबांच्या नावावर अर्धं घर झालं असं समजू. मग ते राहिलं. इथल्या गोऱ्या माणसांना काय फरक पडतो, रमण नीलकंठ काय आणि रमण जोगळेकर काय.

काउंटरवरच्या बाईने समजावून सांगितलं की कागद असे घेतले तर ते परत येतील. ही दोन नावं एकाच माणसाची आहेत असं कुणीतरी शपथेवर लिहून द्यायला हवं. तुम्ही नको, कारण घर तुम्हाला मिळतंय. दुसरं कुणीतरी, त्यांना बरीच वर्षं ओळखणारं.

"सगळ्यात जास्त वर्षं कोण ओळखतं त्यांना?" तिने विचारलं.

अनुराधा म्हणाली, त्याचे वडील, ते इथेच आहेत. बाई म्हणाली की मग फारच सोपं झालं. तिने एक कोरा नमुना दिला, कुठे काय लिहायचं तिथे पेन्सिलीने फुल्या केल्या आणि सांगितलं की सही जस्टिस ऑफ द पीससमोर, म्हणजे शपथ घ्यायचा अधिकार असलेल्या माणसासमोर, करायची. न्यू लिनच्या लायब्ररीत शनिवारी सकाळी एकजण बसतात.

परतताना ट्रेनमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. अनुराधाने फोल्डर मांडीवर धरला होता. बाहेर काय होतं ते तिला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी तिने नीलकंठरावांना सगळं सांगितलं. टायटलवर काय नाव आहे तेही सांगितलं. रमण तेव्हा काय म्हणाला होता ते सांगितलं नाही. त्यांनी नमुना हातात घेतला, वाचला आणि टेबलावर ठेवला.

"मी नाही करणार," ते म्हणाले.

तिला वाटलं, त्यांना समजलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. ते म्हणाले की समजलंय. ऑफिसात एक पद्धत होती. आपल्या माणसाच्या नोंदीला आपण हात लावायचा नाही, फाइल दुसऱ्याकडे द्यायची. ते स्वतः वडील गेले तेव्हा फाइल दुसऱ्या टेबलावर ठेवून बाहेर जाऊन उभे राहिले होते.

अनुराधा म्हणाली, ठीक आहे, मग विवेकला सांगते. विवेक रमणचा धाकटा भाऊ, पुण्याला होता. तो तिथे नोटरीकडून करून कुरिअरने पाठवेल.

"विवेक सहा वर्षांनी लहान," नीलकंठराव म्हणाले. "त्याला काय माहीत असणार." आणि ते त्यांच्या खोलीत गेले.

शुक्रवारी कुणी विषय काढला नाही. शनिवारी लायब्ररीची वेळ टळून गेली. अनुराधाने विवेकला फोनही केला नाही. तिला चीडही आली नव्हती. नमुना फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलेला होता, स्वानंदीच्या शाळेच्या ट्रिपच्या पत्राशेजारी, आणि ती दूध काढताना तो पाहायची.

रविवारी दुपारी स्वानंदी पुढच्या खोलीत टीव्ही बघत होती. अनुराधा मटार सोलत होती. नीलकंठराव समोर येऊन बसले आणि त्यांनीही मूठभर शेंगा पुढ्यात घेतल्या. थोड्या वेळाने, शेंगांवरची नजर न काढता ते म्हणाले,

"शपथेवर लिहायचं तर माणसाने पाहिलेलं असावं लागतं. मी पाहिलेलं नाही."

"काय पाहिलेलं नाही?"

"त्याला. त्या दिवशी तू हॉस्पिटलमध्ये गेलीस, मी स्वानंदीपाशी थांबलो. नंतर अंत्यविधीच्या त्या हॉलमध्ये पेटी उघडी होती. सगळ्यांनी फुलं वाहिली. मीही वाकलो. पण डोळे मिटलेले होते माझे. मी उघडलेच नाहीत." त्यांनी एक शेंग सोलली आणि दाणे वाटीत टाकले. "तेव्हा त्या पेटीत कोण होतं, हे मला सांगता यायचं नाही."

अनुराधाचे हात थांबले. तिला वाटलं, आता आपण काहीतरी समजुतीचं बोलायला हवं. त्याऐवजी तिने जे पाहिलं होतं तेच सांगितलं. आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

"मी पाहिला, बाबा," ती म्हणाली. "एका लहान खोलीत ठेवला होता. कंपनीचं जॅकेट समोरून कापलेलं होतं. पायात एकच बूट. दुसरा पिशवीत घालून खुर्चीवर ठेवला होता, घड्याळ आणि चाव्यांबरोबर. त्या दिवशी उशीर झाला म्हणून त्याने दाढी केली नव्हती. तोंड जरा उघडं होतं. मी मिटायला गेले, पण ते मिटेना. नर्सने विचारलं, हे तुमचे मिस्टर का? मी हो म्हटलं. तिने सही मागितली, मी केली."

पुढच्या खोलीत टीव्हीवर जाहिरात लागली होती.

"हनुवटीखाली व्रण होता?" नीलकंठरावांनी विचारलं.

"होता."

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

त्यांनी आणखी एक शेंग सोलली. मग म्हणाले, "चौथीत असताना सायकलवरून पडला होता. पाच टाके. मीच नेलं होतं सिव्हिलमध्ये."

"तो रमणच होता, बाबा."

त्यांनी मान हलवली. दोघांनी उरलेल्या शेंगा सोलल्या. वाटी भरल्यावर ते उठले, हात धुतले आणि फ्रिजवरचा नमुना काढून घेतला.

त्या आठवड्यात रोज सकाळी स्वानंदीला सोडून आल्यावर ते टेबलावर लिहायला बसत. आधी वहीत कच्चं, मग पक्कं. त्यांचं बोलण्यातलं इंग्लिश अडखळत असे, पण लिहिण्यातलं ऑफिसचं होतं, चोख. नमुन्यात चार ओळींची जागा होती, त्यांनी दोन पानं जोडली. रमणचा जन्म कधी, कुठल्या दवाखान्यात, किती वाजता. शाळेत नाव काय घातलं होतं, बोर्डाच्या सर्टिफिकेटवर काय आहे, पासपोर्टवर काय. आमच्याकडे मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावतात आणि मग आडनाव, ही पद्धत त्यांनी एका परिच्छेदात समजावून लिहिली. व्रणाबद्दल लिहिलं. शुक्रवारी अनुराधाने ते वाचलं आणि एक शब्दही बदलला नाही.

शनिवारी तिघं लायब्ररीत गेली. पाऊस भुरभुरत होता. दाराजवळ एका लहान टेबलामागे पांढऱ्या केसांची, जाड स्वेटर घातलेली बाई बसली होती. तिच्या पुढ्यातल्या पाटीवर नाव होतं नायरी. स्वानंदी पुस्तकांकडे गेली. नायरीने नीलकंठरावांचा पासपोर्ट पाहिला आणि कागद वाचायला घेतला. ती सावकाश वाचत होती, दोन्ही पानं. मागे एक मुलगा सरकारी भत्त्याचा फॉर्म घेऊन उभा होता, त्याला तिने हाताने थांब म्हणून खुणावलं.

वाचून झाल्यावर ती म्हणाली की कायद्याला एवढं सगळं लागत नाही, पहिला परिच्छेद पुरला असता. पण लिहिलंय ते राहू द्या. मग तिने कागदावरच्या दोन नावांवर पेनाचं टोक ठेवलं आणि तिच्या पद्धतीप्रमाणे विचारलं की हा रमण नीलकंठ आणि हा रमण जोगळेकर एकच आहेत, हे तुम्हाला स्वतःला कशावरून माहीत आहे?

अनुराधाला वाटलं, ते अडखळतील. ती उत्तर द्यायला पुढे झाली. नीलकंठरावांनी हात जरासा वर करून तिला थांबवलं.

"आय ॲम द नीलकंठ," ते म्हणाले. "त्याच्या नावातला नीलकंठ मी आहे."

शेवटचं वाक्य मराठीत होतं. नायरीला ते कळलं नसेल, पण तिने भाषांतर विचारलं नाही. तिने शपथेचे शब्द म्हटले, त्यांनी ते तिच्यामागून म्हटले. मग त्यांनी सही केली, प्रत्येक पानावर, आणि एका ठिकाणी शाई फुटली होती तिथे आद्याक्षरं घातली. नायरीने सही करून शिक्का मारला. ती उभी राहिली आणि दोन्ही हातांत त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ तसाच राहू दिला.

सोमवारी अनुराधाने कागद नेऊन दिले. काउंटरवर या वेळी दुसरा माणूस होता. त्याने सगळं पाहिलं, नंबर टाकला आणि पावती दिली. दहा मिनिटंही लागली नाहीत.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. आत टायटलची प्रत होती, एकच पान. घराचा नंबर, जागेचं क्षेत्रफळ, आणि मालक म्हणून अनुराधा रमण जोगळेकर. अनुराधाने उभ्यानेच ते वाचलं. हे पान पाहून काहीतरी वाटायला पाहिजे, म्हणून तिने जरा वाट पाहिली. काही वाटलं नाही. तिने ते सासऱ्यांना दिलं.

नीलकंठरावांनी ते शेवटपर्यंत वाचलं. नोंदीची तारीख आणि क्रमांक पुन्हा पाहिला. जुनी नोंद कुठे राहते का, असं त्यांनी विचारलं. राहते, ती म्हणाली, कॉम्प्युटरवर मागचा इतिहास असतो, कुणीही काढून बघू शकतं.

"म्हणजे वाचता येतं."

"येतं."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी विवेकला फोन लावून मागितला. बोलणं फार नव्हतं. इकडची हवा, स्वानंदीची शाळा. मग म्हणाले की घराची नोंद झाली, रमणचं नाव कमी झालं, मीच साक्ष दिली. पलीकडून विवेक काहीतरी बराच वेळ बोलत होता. नीलकंठराव ऐकत राहिले आणि अधूनमधून हं म्हणत राहिले.

तिकीट एकोणतीस तारखेचं होतं. वीस तारखेला अनुराधाने ऑफिसातून येताना व्हिसा वाढवायचा फॉर्म आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"हवं असेल तर," ती म्हणाली. "स्वानंदीला बरं पडेल. मलाही."

त्यांनी फॉर्म घेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाहिलं तर ते पेन घेऊन बसले होते आणि अर्धा फॉर्म भरून झाला होता. एका रकान्यावर ते अडले होते. इथे कुणाकडे राहणार, त्या व्यक्तीशी नातं काय. पुढे चौकोन होते. नवरा-बायको, मुलगा किंवा मुलगी, भाऊ किंवा बहीण, आणि शेवटी इतर.

"मागच्या वेळी मुलाच्या चौकोनात खूण होती," ते म्हणाले. "रमणने भरला होता."

अनुराधा त्यांच्यामागे उभी राहून पाहत होती. काय करा असं तिने सांगितलं नाही. त्यांनी जरा विचार केला. मग इतर या चौकोनात खूण केली आणि शेजारच्या रेघेवर सुवाच्य अक्षरात डॉटर-इन-लॉ असं लिहिलं. खाली तिचं पूर्ण नाव लिहिलं, तिन्ही शब्द. स्पेलिंग त्यांनी तिला विचारून घेतलं.

"बघ एकदा," त्यांनी फॉर्म तिच्याकडे दिला.

तिने वाचला. सगळं बरोबर होतं. तिने तिच्या जागी सही केली आणि डबा भरायला गेली, कारण आठ वाजून गेले होते. नीलकंठराव स्वानंदीला हाक मारून बूट शोधायला सांगत होते, आणि आतून ती, कमिंग, कमिंग, म्हणत होती.

परवानगी सप्टेंबरमध्ये आली. ते फेब्रुवारीपर्यंत राहिले.